अकरा हजार फेरे आणि एक पुडिंगचा साचा

फॉर्मवरचे सव्वीस रकाने डेरिक पेनिफोल्डने एका बैठकीत भरून टाकले. नाव, पत्ता, मोटारीची लांबी, रुंदी, रंग हिरवा, चाकं चार. चाकं त्याने गॅरेजमध्ये जाऊन मोजली आणि मगच लिहिली. सत्ताविसाव्या रकान्यापाशी मात्र पेन अडलं ते अडलंच. ‘इंजिनाची कमाल शक्ती मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळते?’ प्रश्न दिसायला गरीब होता. चहा निवला, हिलरीने दुसरा करून दिला, तोही निवला, तरी रकाना कोराच.

डेरिकला उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. अकरा हजार. आंघोळ करताना विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. उत्तर ठाऊक होतं हीच तर पंचाईत होती.

डेरिक वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. एकतीस वर्षं त्याने डर्बीशायरमधल्या खाटकांचे काटे, पेट्रोलपंपांची मापं आणि पबमधले बियरचे ग्लास तपासले. त्याच्या कारकिर्दीत आमच्या भागात कुणाला पाइंटमध्ये चमचाभर बियर कमी मिळाली नाही, आणि याबद्दल कुणी त्याचे आभारही मानले नाहीत. एका वर्षी चर्चच्या जत्रेत ‘केकचं वजन ओळखा’ असा खेळ होता. डेरिकने विचारलं, “केक कोणत्या काट्यावर तोललात?” पाद्र्याच्या बायकोने “घरातल्याच” म्हणताच त्याने खेळ बंद पाडला. शेवटी केक कापून सगळ्यांना वाटला. डेरिकने आपला तुकडा नाकारला, कारण तो पुराव्याचा भाग होता. लग्नाआधी हिलरीने त्याला “मी कशी दिसते?” असं विचारलं, तेव्हा “सरासरीपेक्षा बरीच वर” असं तो म्हणाला होता. या माणसाच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघायची नाही हे ओळखून तिने होकार दिला.

असा हा माणूस निवृत्त झाल्यावर गुलाब लावेल, नाहीतर फार तर जुनी घड्याळं दुरुस्त करेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याने मोटार बांधायला घेतली. सुटे भाग पेटीतून येतात आणि घरी बसून जोडायचे असतात, त्यातली. नळ्यांचा सांगाडा, वरून पत्रा, छप्पर नाही, दारं नाहीत, आणि पुढे एका अपघातग्रस्त मोटरसायकलचं इंजिन. सात वर्षं हे चाललं होतं. तेवढी सात वर्षं हिलरी आपली मातीची भांडी जेवणाच्या टेबलावर करत होती, आणि सूपमध्ये कचकच लागली तरी कुणी काही बोलायचं नाही असा घरात अलिखित करार होता.

यंदा वसंतात तिने तो करार मोडला.

“एक चाचणी,” हिलरी म्हणाली. “सरकारी केंद्रात ने, मंजुरी आण. आणलीस तर गाडी राहील. नापास झाली तर गाडी विकत मागणारा तो वुल्व्हरहॅम्प्टनचा माणूस ट्रेलर घेऊन येईल आणि गॅरेजमध्ये माझं कुंभाराचं चाक बसेल. दुसरी चाचणी नाही, ‘फक्त एवढं एक राहिलंय’ नाही. कळलं?”

डेरिकला कळलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तिने आवाज चढवला की तो निर्धास्त असायचा, आणि ती असं हळू बोलली की तो वही काढून शब्द न् शब्द लिहून घ्यायचा.

आता सत्ताविसाव्या रकान्यात एवढं काय होतं? तर चाचणी केंद्रात गाडीचा आवाज मोजतात. तुम्ही जो आकडा लिहिला असेल त्याच्या दोन-तृतीयांश फेऱ्यांवर परीक्षक इंजिन धरून ठेवतो आणि सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मापक धरतो. नव्व्याण्णव डेसिबलच्या आत आलात तर पास. साध्या मोटारीचं इंजिन साडेपाच हजारांवरच दमतं, त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे नुसतं गुरगुरणं. मोटरसायकलचं इंजिन दमतच नाही. अकरा हजारांचे दोन-तृतीयांश सात हजार तीनशे तेहतीस पूर्णांक तेहतीस. डेरिकने शेवटच्या तीनवर आवर्ती अपूर्णांकाची रेघही काढली.

“एकदा घरीच मोजून बघू,” असं म्हणून त्याने गाडी अंगणात काढली आणि आपल्या जुन्या खात्याच्या परंपरेला शोभेल असा, तपासणीचा दाखला असलेला ध्वनिमापक तिपाईवर मांडला. हिलरी पेडल दाबायला चालकाच्या जागी बसली. काटा सात हजारांच्या पुढे गेला आणि आमच्या लॅबर्नम क्लोज या गल्लीतली कबुतरं एकदम उठली. ती संध्याकाळपर्यंत परत आली नाहीत.

एकशे पाच.

समोरच्या घराचं दार उघडलं. मिसेस स्टॅनिफोर्थ पुष्पप्रदर्शन समितीच्या अध्यक्षा होत्या आणि आयुष्यात कधी कुणावर ओरडल्या नव्हत्या. त्यांना त्याची गरजच पडत नसे.

“मिस्टर पेनिफोल्ड, मला तुम्हाला अजिबात त्रास द्यायचा नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही नाही, माझंच चुकलं, माफ करा.”

“छे, माफी मीच मागते. फक्त विचारायचं होतं, हे थोडा वेळ चालणार आहे की कायमचं आहे?”

आमच्याकडे याला भांडण म्हणतात. डेरिकचे कान लाल झाले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून ग्विलिमचं डोकं वर आलं. ग्विलिम म्हणजे शेजारचा वेल्शमन, जन्मभर खाणकामगारांच्या बँडमध्ये ट्युबा वाजवलेला. त्यामुळे नळीतून आवाज कसा निघतो आणि कसा दाबायचा याबद्दल जगात आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी त्याची खात्री होती.

“अरे, यात काय अवघड आहे? तारेच्या घासण्या!” ग्विलिम म्हणाला. “भांडी घासायच्या. सायलेन्सरमध्ये कोंब सहा-सात. आवाज जातो कुठे मग?”

“हे शास्त्रीय आहे का?”

“मी ट्युबात मोजा कोंबून तीस वर्षं घरात रियाज केलाय. बायको अजून घरात आहे. याहून शास्त्रीय काय पाहिजे तुला?”

डेरिकने सहा कोंबल्या. ग्विलिमने तो आत गेलाय हे बघून सातवी कोंबली. हिलरीने पेडल दाबलं. पहिले पाच सेकंद आवाज खरंच खाली आला. अठ्ठ्याण्णव! डेरिकने वहीत नोंद करायला पेन काढलं, आणि फटकन आवाज होऊन सातही घासण्या एकामागून एक, तापून लाल झालेल्या, रस्ता ओलांडून मिसेस स्टॅनिफोर्थच्या बागेत गेल्या. चार डेलियांच्या वाफ्यात पडल्या, दोन पक्ष्यांच्या पाण्याच्या कुंडीत चुर्र करून विझल्या. एक सापडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी चिनी मातीची बशी होती. बशीत कागदी रुमाल, त्यावर सहा घासण्या नीट मांडलेल्या, आणि चिठ्ठी: ‘आपलं काहीतरी चुकून आमच्याकडे आलंय असं वाटतं. ए. स्टॅनिफोर्थ.’ ‘चुकून’ या शब्दाखाली रेघ नव्हती. ती असती तर डेरिकला बरं वाटलं असतं.

“आता ऐक,” ग्विलिमने कुंपणावर दोन्ही कोपरं टेकवली. “आवाज कमी होत नसेल तर आकडा कमी कर. फॉर्मवर लिही सात हजार. त्याचे दोन-तृतीयांश किती होतात?”

“चार हजार सहाशे सहासष्ट पूर्णांक—”

“पूर्णांक राहू दे! तेवढ्यावर गाडी मांजरासारखी घुरघुरेल. सगळे असंच करतात. मी मोटारी बांधणाऱ्यांच्या क्लबमधल्या तिघांना विचारलंय. तिघांचंही इंजिन तुझंच, तिघांनीही वेगवेगळा आकडा लिहिलाय, आणि तिघंही पास.”

डेरिकने हातातला पाना खाली ठेवला. “ग्विलिम, बेकवेलच्या खाटकाने पाव किलोमागे तीन ग्रॅम मारले म्हणून मी त्याला कोर्टात उभा केला. तीन ग्रॅम! आणि मी चार हजार फेरे मारू?”

“अरे, पण फेरे कुणाच्या पोटात जाणार होते का?”

“सही माझी आहे,” डेरिक म्हणाला आणि आत गेला.

आत हिलरीने सगळं ऐकलं होतं. तिने फक्त, वुल्व्हरहॅम्प्टनच्या माणसाचा नंबर फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता तो तिरका झाला होता, तेवढा सरळ केला.

डेरिक जेवला नाही. रविवारचं जेवण होतं, भाजलेलं बीफ आणि यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे बीफसोबत खायचा, वाटीसारखा फुगलेला मैदा-अंड्याचा खारा प्रकार. तो पुडिंगकडे नुसता बघत बसला. मग पुडिंगच्या साच्याकडे बघत बसला. हिलरीचा हा साचा जाड काळ्या पत्र्याचा होता, चार खोलगट वाट्यांचा, तिच्या आत्याने लग्नात दिलेला. बघता बघता डेरिकचा चेहरा उजळला.

“आकडा खोटा लिहायचा नाही,” तो सावकाश म्हणाला. “इंजिनच तसं करायचं.”

“कसं?”

“इंजिन हवा घेतं म्हणून अकरा हजारांपर्यंत पळतं. हवेच्या तोंडावर बारीक भोकाची ताटली बसवली की त्याला दम लागेल. सात हजारांवर कमाल शक्ती मिळेल, त्याच्या वर घसरेल. मग सात हजार हा आकडा खरा! अगदी शपथेवर खरा!”

हिलरीने काटा खाली ठेवला. “म्हणजे तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून सात वर्षं बांधलेल्या गाडीचा गळा आवळणार.”

“गळा नाही आवळत. त्याला जरा विनम्रता शिकवतोय.”

“आणि तू साच्याकडे का बघतोयस?”

मंगळवारी साचा तीन वाट्यांचा झालेला तिला सापडला.

कापलेल्या वाटीचं बूड गाडीच्या हवापेटीच्या तोंडावर असं चपखल बसलं की बनवणाऱ्याने दोन्हींचा विचार करूनच बनवला असावा. उरलेल्या तीन वाट्यांच्याही त्याने ताटल्या केल्या, प्रत्येकीचं भोक आधीच्यापेक्षा बारीक. आता प्रश्न कोणतं भोक ठेवायचं हा. ते कळायला इंजिनाची शक्ती मोजणारं यंत्र लागतं. गाडी फिरत्या रुळांवर चढवायची, जागच्या जागी पळवायची, आणि यंत्र कागदावर आलेख काढून देतं. असं यंत्र मॅटलॉकच्या वाटेवर डग्गी क्लेच्या शेडमध्ये होतं. डग्गी त्या भागातल्या जुन्या रिवाजाप्रमाणे पाद्र्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना प्रेमाने ‘बदका’ म्हणायचा.

“ये रे बदका! काय हवंय? आणखी वीस घोडे? तीस?”

“मला कमी करायचेत,” डेरिक म्हणाला.

डग्गीने कानातली काडी काढली. “पुन्हा म्हण.”

डेरिकने सगळं समजावून सांगितलं. डग्गीने मग ताटलीशिवाय इंजिन पळवून पाहिलं. एकशे अडुसष्ट अश्वशक्ती, बरोब्बर अकरा हजारांवर. असा आलेख गेल्या तीन वर्षांत निघाला नव्हता म्हणे, आणि तो भिंतीवर लावू का असं त्याने विचारलंही. डेरिकने ताटली बसवली. नऊ हजार सहाशे. भोक आणखी बारीक असलेली, साच्याच्या दुसऱ्या वाटीची ताटली. आठ हजार दोनशे. तिसऱ्या वाटीची. सात हजार सातशे.

“बदका, थांब आता,” डग्गी कळवळून म्हणाला. “माझ्याने बघवत नाही.”

चौथ्या वाटीची ताटली, अंगठ्याएवढं भोक. सहा हजार नऊशे! आणि शक्ती तेवीस अश्वशक्ती. हिलरीच्या भाजी आणायच्या गाडीला अडुसष्ट होती.

“उत्तम,” डेरिक म्हणाला. “आता मला प्रमाणपत्र दे. आणि हे तुझं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंस?”

तपासणीची मुदत संपून दोन महिने झाले होते. डेरिकने प्रमाणपत्र घ्यायला नकार दिला. डग्गीला लेस्टरहून तपासनीस बोलवायला लावला, यंत्र सव्वा टक्का चुकतंय हे सिद्ध केलं, ते दुरुस्त होईपर्यंत तिथेच बाकावर सँडविच खात बसला, आणि सगळे आलेख पुन्हा काढून घेतले. आकडा तोच आला. डग्गीने सही केली आणि कागदावर ग्रीसचा अंगठाही उमटवला. तो चुकून उमटला होता, पण डेरिकला तो फार अधिकृत वाटला.

सत्ताविसावा रकाना भरला: सहा हजार नऊशे. डेरिक त्या दिवशी पोटभर जेवला. पुडिंग मात्र नव्हतं. कशात करणार?

दोन आठवड्यांनी वाहनमंजुरीच्या कचेरीचं पत्र आलं. ‘सदर इंजिनाच्या कारखान्याने प्रसिद्ध केलेला आकडा अकरा हजार असताना आपण सहा हजार नऊशे कसा जाहीर केला, याचा खुलासा करावा.’ ग्विलिम हे वाचून कुंपणावर डोकं आपटून घेण्याच्या बेताला आला. “क्लबमधल्या तिघांना एक ओळ आली नाही! तुलाच कशी आली?”

“कारण मी पुरावा जोडला. पुरावा जोडला की ते वाचतात,” डेरिक अभिमानाने म्हणाला आणि खुलासा लिहायला बसला. खुलासा चौदा पानांचा झाला. सोबत चारही ताटल्यांच्या आकृत्या, भोकांचे व्यास, आणि साच्याचं मूळ स्वरूप दाखवणारं छायाचित्र. छायाचित्रात पुडिंगही होतं, कारण रिकाम्या साच्याचा फोटो घरात कुणाकडे नव्हता.

उलट टपाली उत्तर आलं: ‘पुडिंगचा साचा हा वाहनाचा कायमस्वरूपी भाग आहे काय?’

डेरिकने लिहिलं: ‘होय. चार बोल्टांनी.’ खाली सही केली. मग चाचणीची तारीख मिळाली.

केंद्र बारा मैलांवर होतं, आणि ठरलेल्या चाचणीला जाण्या-येण्यापुरती ही गाडी रस्त्यावर आणायला परवानगी असते. हिलरी शेजारी बसली. ‘मी साक्षीला येते’ असं ती म्हणाली, पण तिने वुल्व्हरहॅम्प्टनचा नंबर फ्रिजवरून काढून पर्समध्ये टाकलेला डेरिकने पाहिला होता. लॅबर्नम क्लोज निरोप द्यायला बाहेर आला होता. सात वर्षं लोकांनी जी गाडी फक्त दाराच्या फटीतून पाहिली ती आता साक्षात बाहेर पडली, आणि चालत्या माणसाच्या वेगाने कोपऱ्यापर्यंत गेली. मिसेस स्टॅनिफोर्थ हात हलवत होत्या. हात दुखला तरी गाडी अजून दिसतच होती, म्हणून त्यांनी दुसरा हात हलवायला घेतला.

वाटेत चढ लागला. डेरिक पहिल्या गिअरवर आला. एक ट्रॅक्टर पुढे गेला. मग सायकलवाल्यांचा क्लब पुढे गेला. त्यातल्या शेवटच्या, सत्तरीच्या आजोबांनी वळून विचारलं, “काही मदत हवीय का?”

“नको, धन्यवाद. असंच ठरवलंय,” डेरिक ताठ मानेने म्हणाला.

“मी उतरून चालू का?” हिलरीने विचारलं. तिचा सूर टोमण्याचा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.

परीक्षक मिस्टर ऑल्डरसन उंच, वाकलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आरसे पाहिले, ब्रेक पाहिले, कुठे टोक लागतंय का म्हणून सगळ्या गाडीवरून हात फिरवला. मग बॉनेट उघडलं आणि ते बराच वेळ आत बघत राहिले.

“हा तो साचा का?”

“होय साहेब. कायमस्वरूपी.”

“मी चौदाही पानं वाचली, मिस्टर पेनिफोल्ड.” त्यांनी घसा साफ केला. “या इंजिनाला सात हजार सांगणारे इथे महिन्याला दोन तरी येतात. पुरावा मागितला की त्यांना खोकला येतो. स्वतःच्या गाडीचं खरोखर वाटोळं करून आणणारे तुम्ही पहिलेच.”

ही स्तुती होती की निंदा याचा डेरिक अजून विचार करत होता, तोवर इंजिन चार हजार सहाशेवर गेलंही. मापक म्हणाला चौऱ्याण्णव. मिस्टर ऑल्डरसननी शिक्का मारला. मंजुरी! सात वर्षांनी! डेरिकला हुंदका आला. तो त्याने शिंकेत बदलला, आणि हिलरीने त्याला रुमाल दिला.

परतीच्या वाटेवर चार मैलांवर गुरांनी ओलांडून जाऊ नये म्हणून रस्त्यात लोखंडी जाळी बसवलेली आहे. गाडी तिच्यावरून खडखडत गेली. पुढे काहीतरी खण्णकन वाजलं, बॉनेटच्या फटीतून एक काळी गोल वस्तू उडाली, रस्त्यावर थोडी गरगरली आणि समोरून येणाऱ्या दुधाच्या टँकरखाली गेली.

इंजिनाने श्वास घेतला.

डेरिकचा पाय पेडलवर नेहमीच्या जागी होता, म्हणजे तळाला. तेवीस अश्वशक्तीला तो तिथेच ठेवावा लागायचा. आता तिथे एकशे अडुसष्ट होत्या. हिलरीची टोपी गेली. पुढे दिसणारं झाड मागे गेलं. सकाळी ज्या टेकडीवर सायकलवाले पुढे गेले होते ती टेकडी होती की नव्हती हे कळण्याआधीच संपली, आणि तिच्या माथ्यावर पोटातली आतडी दोन फूट वर राहिली. इंजिन किंचाळत होतं. हिलरीही किंचाळत होती. डेरिकने घाबरून पाय काढला आणि गाडी कडेच्या गवतात उभी केली. तो बायकोकडे वळला.

हिलरीचे केस उभे होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि गालावर एक माशी चिकटली होती.

“हे,” ती धापा टाकत म्हणाली, “हे बरंच बरं होतं.”

आमच्याकडे इतकं उघडं बोलायची पद्धत नाही. तिने स्वतःच्या लग्नाला ‘छान झालं हो’ म्हटलं होतं. डेरिक तिच्याकडे बघतच राहिला.

मग त्याला फॉर्म आठवला. तो उतरला, चालत मागे गेला आणि ताटली घेऊन आला. ती आता कागदासारखी चपटी होती आणि तिच्यावर टँकरच्या टायरची नक्षी होती.

“आपल्याला परत केंद्रात जायला हवं,” डेरिक म्हणाला.

“कशाला?”

“सहा हजार नऊशे खोटं आहे. आता, या क्षणी. माझ्या सहीखाली.”

“घरी जा, नवी ताटली बसव.”

“नव्या साच्याची?”

हिलरीने गालावरची माशी काढून टाकली. “नाही,” ती म्हणाली. “माझ्या घरातलं एकही भांडं आता या इंजिनाच्या तोंडावर जाणार नाही. चल केंद्रात.”

मिस्टर ऑल्डरसन फाटकाला कुलूप लावत होते. गाडीचा आवाज त्यांनी दोन टेकड्या पलीकडूनच ऐकला असावा, कारण ते वळूनच उभे होते. डेरिकने त्यांच्यापुढे ताटली धरली, मग मंजुरीचा कागद धरला.

“हा परत घ्या, साहेब. कायमस्वरूपी भाग पडला. आकडा अकरा हजार आहे. तो पहिल्यापासून अकरा हजारच होता. मी लपवला नव्हता, पण आवळला होता.”

“मिस्टर पेनिफोल्ड, मी तपासली तेव्हा आकडा खरा होता. तुम्ही कागद ठेवलात आणि ताटली पुन्हा बसवलीत, तर कुणी काही म्हणणार नाही.”

“पण मी पुन्हा बसवणार नाही. आणि न बसवता कागद ठेवणार नाही.”

“मग पुन्हा अर्ज, पुन्हा चाचणी. सात हजार तीनशे तेहतीसवर. सायलेन्सर बादलीएवढा लागेल, आणि तो जमवायला अख्खा हिवाळा जाईल.”

डेरिकने कागद तसाच पुढे धरून ठेवला. हिलरीकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही. अट एकाच चाचणीची होती, आणि ती चाचणी तो आपल्या हाताने परत देत होता. पर्स उघडल्याचा आवाज आला. हिलरीने वुल्व्हरहॅम्प्टनचा नंबर काढला, त्याचे चार तुकडे केले आणि रस्त्यात कचरा नको म्हणून पुन्हा पर्समध्येच टाकले.

“सूपमध्ये माती पडली तर बोलायचं नाही,” ती म्हणाली.

“कधी बोललोय?” डेरिकने विचारलं.

मिस्टर ऑल्डरसननी कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला, आणि कुलूप हातातच धरून घुटमळले. “एक विचारू का?” ते म्हणाले. “बावीस वर्षं मी ही इंजिनं ऐकतोय. दर वेळी दोन-तृतीयांश. नियमच तसा आहे. त्याच्या वर काय असतं ते मला कुणी ऐकवलंच नाही.” त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. “माझी वेळ संपलीय. मापक आत बंद करून ठेवलाय.”

“इथे? आत्ता?” डेरिक म्हणाला. “साहेब, हे जरा…”

मागे इंजिन सुरू झालं. हिलरी चालकाच्या जागेवर सरकली होती. फाटकाच्या आत, मोकळ्या आवारात तिने गाडी वळवून घेतली, गिअर सोडून दिला आणि पाय पेडलवर ठेवला. पाच हजार. सात हजार. सात हजार तीनशे तेहतीस गेले तेव्हा मिस्टर ऑल्डरसननी डोळे मिटले. नऊ हजार. छपरावरचे पत्रे वाजायला लागले. मिस्टर ऑल्डरसनचा वाकलेला पाठीचा कणा सरळ होत गेला, मग ते चक्क टाचा उचलून उभे राहिले आणि हसत काहीतरी ओरडले. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. हिलरीही ओरडत होती.

डेरिक मात्र वाकून काट्याकडे बघत होता. अकरा हजार. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं. बरोब्बर अकरा हजार. मग तोही ओरडायला लागला.